अंकातली सहा पानं

माझ्या पत्र्याच्या पेटीत सातबाराचे उतारे, सोसायटीच्या पावत्या आणि पोरांचे शाळेचे दाखले आहेत. त्यांच्या तळाशी १९९६ सालचा एक दिवाळी अंक आहे. मुखपृष्ठ सुटलंय, कडा कसरीनं खाल्ल्यात. त्यातली सहा पानं माझी. आजवर छापून आलेलं माझं लिखाण मोजलं तर तीसेक लेख भरतील. बहुतेक शेतीच्या मासिकांत, काही ठाण्या-कल्याणच्या दिवाळी अंकांत. पण ‘तुमचं सगळ्यात चांगलं लिखाण कोणतं?’ असं कुणी विचारलं, की इतकी वर्षं मी एकच उत्तर देत आलो. पाण्यावरचा तो लेख.

मागे एका वर्षी मराठी भाषा दिनाला मुरबाड तालुक्यातल्या एका शाळेत बोलावलं होतं. बाई म्हणाल्या, “तुमच्या आवडीचं काहीतरी वाचून दाखवा काका.” अंक पिशवीत घालून गेलो. उभा राहिलो, वाचायला लागलो आणि दुसऱ्या पानावर एका शब्दाशी अडलो. पुढं वाचवेना. मग अंक मिटला, पोरांना राब कसा भाजतात आणि त्यावर भाताचं आवण कसं उगवतं ते सांगितलं आणि वेळ मारून नेली. पोरं खूश झाली. मी झालो नाही. घरी येताना एसटीत ठरवलं, की दुसऱ्याच्या पुस्तकावर आपण चार शब्द लिहितो, बरं-वाईट सांगतो, तसंच एकदा आपल्या या लेखाचंही करावं. शिक्षण दहावीपर्यंतचं, तेव्हा समीक्षा वगैरे मोठे शब्द मी वापरत नाही. पिकाची पाहणी करतो तशी ही पाहणी समजा.

आधी लेखात काय आहे ते सांगतो. आमचं गाव किन्हवलीच्या पुढं, शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या शिवेजवळ. पावसाळ्यात इथं अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आणि शहापूर तालुका म्हणजे मुंबईची पाण्याची घागर. तानसा धरण १८९२ चं, इंग्रजांनी बांधलेलं. पुढं वैतरणेवर मोडकसागर झालं, १९५७ साली. मग आमच्या डोळ्यांसमोर भातसा झालं. मुंबईला जे पाणी जातं त्यातलं निम्म्याच्या आसपास आज एकट्या भातसाचं असतं. धरणातून ते नदीत सोडतात, खाली भिवंडीकडं पिसे इथं उचलतात, पांजरापूरला शुद्ध करतात आणि तिथून नळानं मुंबईला जातं. आणि इकडं फाल्गुन सरला की आमच्या वाड्या-पाड्यांवर टँकरची वाट बघायची. माझ्या लेखात हेच होतं. शेजारच्या ठाकूरवाडीतली एक आजी, तिची पाण्याची खेप आणि शेवटी दूरवर दिसणारं धरणाचं पाणी.

लेख गाजला. आमच्यासारख्याचा जेवढा गाजायचा तेवढा. पस्तीस-चाळीस पत्रं आली. तालुक्याच्या गावी लोक थांबवून बोलायचे. पुढच्या वर्षी दोन अंकांची निमंत्रणं आली. म्हणून अभिमान.

आता पाहणी.

पहिलं शीर्षक. मी दिलं होतं ‘उन्हाळ्यातलं पाणी’. संपादकांनी केलं ‘धरण उशाला, कोरड घशाला’. तेव्हा मला फार आनंद झाला, वाटलं, शहरातला माणूस किती नेमकं बोलतो. त्यानंतर ही ओळ मी कितीतरी बातम्यांवर पाहिली. कुठल्याही धरणाला लागते, कुठल्याही गावाला लागते. जी टोपी सगळ्यांच्या डोक्यावर बसते ती कुणाच्याच मापाची नसते. पण तक्रार संपादकांवर ढकलत नाही. त्यांनी जे शीर्षक दिलं ते माझ्या लेखातूनच उचललेलं होतं. लेखच तसा होता.

दुसरं अंतर. मी लिहिलंय, आजी ‘रोज पाच किलोमीटरची पायपीट’ करते. हा आकडा कुठून आला? वर्तमानपत्रातून. पाण्याच्या बातमीत पायपीट नेहमी पाच किलोमीटरचीच असते. लेख छापून आल्यावर बऱ्याच वर्षांनी मी ते अंतर पावलांनी मोजलं. वाडीपासून उंबराच्या झऱ्यापर्यंत सव्वा किलोमीटरसुद्धा भरत नाही. मग आजीचा त्रास खोटा होता का? मुळीच नाही. त्रास अंतरात नव्हता, थांबण्यात होता. चैत्र-वैशाखात झऱ्याची धार करंगळीएवढी होते. खालच्या खळग्यात पाणी साचायचं, वाटीनं भरायचं. एक हंडा भरायला अर्धा-पाऊण तास. बायका रात्री दोनला उठून नंबर लावायच्या. हंडे रांगेत ठेवून तिथंच दगडाला टेकून झोपायच्या, एकमेकींना हाक मारून उठवायच्या. सासू-सुनांची भांडणं तिथं मिटायची, तिथंच नवी लागायची. भरलेला हंडा चुंबळीवर घेऊन चढ चढायचा तो शेवटी. मी तिथं दोन रात्री बसलो होतो. हे सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि लेखात लिहिलं काय, तर पाच किलोमीटर. जे पाहिलं ते टाकून दिलं आणि जे वाचलं होतं ते लिहिलं.

तिसरं कारण. लेखात एक वाक्य आहे, की मुंबईनं आमच्या तोंडचं पाणी पळवलं. टाळ्यांचं वाक्य. अर्धं खरंही आहे. ज्यांच्या जमिनी, घरं पाण्याखाली गेली त्यांना ते पुरतं खरं आहे. पण आमच्या वाडीपुरतं बोलायचं तर धरण नव्हतं तेव्हाही त्या विहिरी होळीनंतर आटतच होत्या. आमचा मुलूख काळ्या कातळाचा. वर वीतभर माती, खाली पाषाण. पाऊस कितीही पडो, पाणी मुरायला जागा नाही. आठ दिवसांत ओढ्याला, ओढ्यातून नदीला. धरण पडलं खोलात, वाडी पडली माथ्यावर. ते पाणी वर आणायचं तर पंप पाहिजे, नळ पाहिजे, बिल भरणारं कुणीतरी पाहिजे. खरा प्रश्न हा होता, की शंभर किलोमीटरवर पाणी न्यायची अक्कल आणि पैसा ज्या देशात आहे, त्याला ते डोंगरावर का चढवता येत नाही? उंचावरच्या धरणातून उतारानं का आणता येत नाही? पुढं इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणातून शहापूरला तसंच पाणी आणायची योजना मंजूर झाली. म्हणजे विचार करणाऱ्यांनी तो विचार केला. माझ्या सहा पानांत तो नव्हता. मी रागावलो आणि थांबलो. राग चुकीचा नव्हता, पण राग म्हणजे माहिती नव्हे.

चौथी गोष्ट म्हणजे तो शब्द, ज्याच्याशी मी शाळेत अडलो. दुसऱ्या पानावर मी लिहिलंय, की आजी ‘अनवाणी’ पाणी भरत होती.

उंबराच्या झऱ्याशी साती आसरांचं ठाणं आहे. शेंदूर लावलेले सात दगड. तिथं वहाणा घालून कुणी जात नाही, ना ठाकूर, ना कुणबी, ना कातकरी. अलीकडं पन्नास पावलांवर ऐनाचं झाड आहे, त्याखाली वहाणा काढायच्या आणि पुढं जायचं. आजीनं तेच केलं होतं. तिच्या वहाणा ऐनाखाली होत्या. आणि त्यांच्या शेजारी माझ्या होत्या. मीही अनवाणीच होतो. माझे अनवाणी पाय मला रीत वाटले आणि तिचे अनवाणी पाय मला गरिबी वाटले. खरं सांगायचं तर वाटलेही नाहीत. लिहिताना शब्द आला, शोभून दिसला, म्हणून ठेवला. झऱ्यावरच्या देवाचा मान होता, त्याची मी दया करून टाकली.

पुढं जे झालं ते आजवर कुठं लिहिलं नव्हतं. दादरच्या एका वाचकानं अंकाच्या पत्त्यावर एक पार्सल पाठवलं. आत रबरी चपला, नव्या, निळ्या पट्ट्यांच्या, आणि चिठ्ठी, की त्या माउलीला द्या. माणूस चांगला असणार. त्याला मी जे दाखवलं ते त्यानं पाहिलं. मी मोठ्या ऐटीत ते पार्सल घेऊन वाडीवर गेलो. आजीचा नातू आश्रमशाळेत सातवीला होता, तो सुट्टीत आला होता. चपला कशाला म्हणून विचारलं तर मी सांगितलं, तुझ्याबद्दल छापून आलंय. मग नातवानं अंक वाचून दाखवला. आजी ऐकत होती. ‘अनवाणी’ आलं तेव्हा तिला तो शब्द कळला नाही. नातवानं सांगितलं, पायात काय नाय असं.

ती माझ्याकडं बघून म्हणाली, “माझ्या वहाणा तुला दिसल्या नव्हत्या का रं?”

मी काही बोललो नाही. तिनं चपला कागदात परत गुंडाळल्या. म्हणाली, “ज्याच्या त्याला दे. वाडीला वाटंल म्हातारीनं मागून घेतल्या.”

मी त्या परत पाठवल्या नाहीत. पाठवायच्या तर चिठ्ठी लिहावी लागली असती आणि चिठ्ठीत खरं लिहावं लागलं असतं. त्या माळ्यावर ठेवल्या. दोन-तीन उन्हाळ्यांत रबर चिकट होऊन गेलं. आजी त्यानंतर माझ्याशी वाईट बोलली नाही. रस्त्यात भेटली तर भात कसा आहे विचारायची. पण मी झऱ्यावर गेलो की बायका गप्प व्हायच्या. लेखात मी तिचं नाव, वाडीचं नाव, सगळं दिलं होतं. ती आता नाही. नाव इथं पुन्हा देत नाही. एकदा दिलं तेवढं पुरे.

असं का झालं, याचा विचार करताना मला दोन पुस्तकं आठवतात. दोन्ही मी तो लेख छापून आल्यावर नीट वाचली, हीही चूकच.

एक गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’. १९७० साली आलं, १९७२ ला त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपल्याच ठाणे जिल्ह्याचं पुस्तक. त्याचा मुख्य मुलूख तिकडं डहाणू-तलासरी-उंबरगावचा, जो आता बराचसा पालघर जिल्ह्यात गेलाय. पण सुरुवातीची एक मोठी घटना आमच्या दारातली. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, तिथं वारली आले आणि पुढचं सगळं घडलं. टिटवाळा म्हणजे आमच्याच कसारा लाइनीवरचं स्टेशन. आमच्या घरातलं कुणी तिथं गेलं होतं का, हे विचारायला आता कुणी उरलं नाही.

गोदूताई पुण्याच्या, कायदा शिकलेल्या. वारली पाड्याशी त्यांचा जन्मानं काही संबंध नव्हता. म्हणजे चुकायची शक्यता माझ्यापेक्षा त्यांना जास्त. पण त्यांचं पुस्तक वाचून बघा. वेठ म्हणजे काय, ती कुणी कुणाकडून कशी घ्यायची, लग्नापुरतं कर्ज काढलेला माणूस ‘लग्नगडी’ होऊन बायकोसकट मालकाच्या दाराशी कसा बांधला जायचा, हे त्या उलगडून सांगतात. जातं उघडून दाखवावं तसं. आत खुंटा कुठं आहे, पीठ कुणाचं पडतं. वाचणाऱ्याला वारल्याची कीव येत नाही. त्याला त्या व्यवस्थेची चीड येते आणि वारली उभा राहिला की बरं वाटतं. माझ्या लेखानं दादरच्या माणसाला चपला पाठवाव्याशा वाटल्या. गोदूताईंचं वाचून कुणी चपला पाठवल्या नसत्या.

त्या पुस्तकातही मला एक उणं वाटतं, तेही सांगतो. संघटना एवढी मोठी दिसते, की संघटनेच्या सभेला न आलेला वारली, घरातलं त्याचं हसणं-रुसणं, थोडं मागं राहतं. पण लढ्यात उभं राहून लिहिलेलं पुस्तक आहे. नांगर धरलेल्या माणसाला बांधावरची फुलं दिसली नाहीत म्हणून मी बोल लावणार नाही.

दुसरं व्यंकटेश माडगूळकरांचं ‘माणदेशी माणसं’. १९४९ चं पुस्तक. त्यातली माणसं आधी ‘मौज’मधून लोकांसमोर आली होती. म्हणजे माझ्यासारखंच, नियतकालिकात छापलेलं लिखाण. माडगूळकरांचंही शाळेचं शिक्षण पुरं झालं नव्हतं. गाव दुष्काळी, माणसं दरिद्री. पण त्यांच्या लिहिण्यात कुणी हात पसरून उभं नाही. माणूस खोडकर असतो, लबाड असतो, मानी असतो आणि त्याशिवाय गरीब असतो. माझ्या लेखात आजी फक्त गरीब आहे. ती किती तिखट बोलायची, गावच्या सरपंचाला हसत हसत कशी कापायची, तमासगिरासारखी नक्कल करून बायकांना रात्री दोन वाजता कशी हसवायची, हे मला ठाऊक होतं. एकही ओळ लेखात नाही. हसणारी बाई पाण्याच्या लेखात चालेल की नाही, अशी मला शंका आली होती.

मला वाटायचं, आपण आतले, आपलं चुकायचं नाही. पण माडगूळकर आतले आणि गोदूताई बाहेरच्या, दोघांचंही नीट जमलं. म्हणजे आतलं-बाहेरचं याच्याशी त्याचा संबंध नाही. लिहिताना मी झऱ्याशी बसलो नव्हतो. मी मनानं संपादकांच्या टेबलाशी जाऊन बसलो होतो आणि तिथून माझ्याच गावाकडं बघत होतो. मासिकांत लिहिणाऱ्या आम्हा गावाकडच्या लोकांना हा रोग लवकर जडतो. शहराला गाव कसं बघायला आवडतं हे आम्हाला दोन-चार अंकांत कळतं आणि मग आम्ही तसंच गाव पुरवत जातो, दुधात पाणी घालून घालावं तसं.

एवढं सगळं झाल्यावर कुणी म्हणेल, मग त्या लेखाचा अभिमान सोड. सोडणार होतो. पण पाचव्या पानावर एक परिच्छेद आहे, तो मला सोडू देत नाही.

त्यात मी गावच्या आणि वाडीच्या पाण्याच्या सगळ्या जागा ओळीनं लिहिल्या होत्या. नाव, जागा आणि कुठल्या सणापर्यंत पाणी टिकतं ते. संपादकांनी पत्र पाठवलं होतं, की हा भाग रुक्ष आहे, काढला तर चालेल का? मी काढा म्हणून कळवलंही होतं. पण पानात जागा उरली म्हणून तो राहिला. आलेल्या पस्तीस-चाळीस पत्रांत त्या परिच्छेदाबद्दल एक अक्षर नव्हतं. मीही तो विसरलो होतो.

काही वर्षांपूर्वी गावातली दोन पोरं घरी आली. ग्रामपंचायतीत पाण्याच्या जुन्या जागांची यादी करायची होती. म्हातारी माणसं गेलेली, कुणाला नक्की काही सांगता येईना. कुणीतरी म्हणालं, काकांनी कधीतरी लिहिलं होतं. अंक काढला, पाचवं पान उघडलं. तिघं मिळून दोन दिवस फिरलो. नऊ जागांपैकी दोन रस्त्याच्या भरावाखाली गेलेल्या. एक फार्महाऊसच्या कंपाउंडात. एक झरा नुसता गाळानं बुजलेला, लोकांच्या आठवणीतूनच गेलेला. तो पोरांनी उन्हाळ्यात श्रमदानानं मोकळा केला. फार पाणी नाही. पण पाडव्यापर्यंत गुरं पितात. सहा पानांच्या लेखातून हाती लागलेलं हे एवढंच, आणि ते रडक्या ओळींतून आलेलं नाही. हे लिहिताना मला कुणाला काही वाटायला लावायचं नव्हतं. जे ठाऊक होतं ते ओळीनं मांडलं होतं, म्हणून ते खरं उतरलं.

या पुस्तकासाठी लेख निवडताना पाण्यावरचा तो लेख घ्यावा असं मित्र म्हणाले. मी घेतला नाही. एक शब्द बदलून तो दुरुस्त होणार नाही आणि न बदलता तो मला वाचवत नाही. तो परिच्छेद तेवढा खाली देतो. जागा त्याच आहेत, मधल्या वर्षांत जे बदललं ते पुढं जोडलंय.

गावविहीर. महाशिवरात्रीपर्यंत. आता नळ आल्यावर कुणी उपसत नाही, पाणी हिरवं झालंय.

शाळेमागची विहीर. होळीपर्यंत. कठडा पडलाय, पोरांना जाऊ देऊ नये.

वडाचा झरा. संक्रांतीपर्यंत. रस्त्याखाली गेला.

खालच्या आळीची बाव. पाडव्यापर्यंत. कंपाउंडात गेली. मालक पावसाळ्यात बघू देतो.

ओढ्यातला डवरा. दर वर्षी नवा खणायचा. हनुमान जयंतीपर्यंत. वाळू राहिली नाही म्हणून आता खणत नाहीत.

कोंडीतला झरा. बुजला होता, मोकळा केला. पाडव्यापर्यंत, गुरांपुरता.

मळईची विहीर. होळीपर्यंत. रस्त्याखाली गेली.

कातकरीवाडीचा डवरा. अक्षय्य तृतीयेपर्यंत. अजून वापरात.

उंबराचा झरा. आटत नाही. चैत्रापासून धार करंगळीएवढी, हंड्याला अर्धा-पाऊण तास. वहाणा ऐनाखाली काढायच्या.